टोकन नंबर तीनशे बारा

साचापीर स्ट्रीटवर आमची लॉण्ड्री होती.
महिन्यातून एकदा, शनिवारी,
शांतवन भांबळ सायकलच्या हँडलला
राजाचा सूट अडकवून यायचा.
पांढराशुभ्र. कॉलर पार कानाच्या वर.
पाठीवर बोहरी आळीतल्या टिकल्यांचा गरुड,
बायकोनं रात्री जागून शिवलेला,
लांबून थोडा कोंबडीसारखा दिसणारा.
"कॉलरला खळ जास्त घाल," तो बजवायचा,
"माझी मान वळली तरी हिची वळता कामा नये."

खडकीच्या कारखान्यात फिटर. मूळचा नगरकडचा.
गुडघा असा हलवायला मी शिकलो
पायानं चालवायच्या लेथवर, म्हणायचा.
कल्ले ठेवायला फोरमनची परवानगी लागली होती.
लेखी.

केसांचा कोंबडा खोबरेलाचा.
डिसेंबरात तेल थिजायचं, कोंबडा रात्रभर ताठ.
मे महिन्यात दुसऱ्याच गाण्याला
कपाळावरून नाकाशी ओघळायचा.
आम्ही पोरं म्हणायचो,
राजा बघावा तर थंडीतला.

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये आणखीही होते.
घोरपडीचा ऑब्री टाचेनं पियानो वाजवायचा,
पण पियानो चर्चचा, म्हणून आधी बूट काढून ठेवायचा
नीट, जोडीनं.
जाल बलसारा चष्मेवाल्याचा अवतार,
तो विमानातून कोसळलेला पोरगेला गायक.
जालचा चष्मा खरा नंबरचा होता,
घामानं घसरला की माईक सोडून
पडद्याच्या दोरीत गायचा.

पण शांतवन तो शांतवन.
इंग्रजी त्याला कारखान्यापुरतं.
गाणी सिलोनवरून उतरवलेली,
दोनशे पानी वहीत, देवनागरीत.
जिथं स्टेशन हललं तिथं त्यानं लिहिलं होतं:
खर्रर्र, खर्रर्र.
आणि तेही तो गायचा, डोळे मिटून,
ओठ डावीकडे उचलून.
आम्हाला वाटायचं, सगळ्यात अवघड जागा तीच.

सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात बातमी आली.
आतल्या पानावर, साखरेच्या भावाखाली.
मी वडिलांबरोबर रेंजहिल्सला गेलो.
क्वार्टरबाहेर चपलांचा ढीग.
बोऱ्हाडेकाकूंनी टोपलीत भाकऱ्या आणल्या होत्या,
पातेलंभर पिठलं, वर फडकं बांधून.
"तुमच्यात पाळतात का, मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या,
"पण आज चूल पेटवू नका."
फोरमन टोपी काढून उभा.
ऑब्री आला, बूट बाहेर काढून.
जाल चष्मा पुसत राहिला, पुसतच राहिला.

कुणीतरी विचारलं, "वय काय हो होतं?"
"बेचाळीस."
शांतवनला त्रेचाळिसावं लागलं होतं.
धाकटा भाऊ गेल्यागत
मान खाली घालून त्यानं पिठलं खाल्लं.
कुणीच हसलं नाही.
मला हसू येत होतं, आणि मग येईना.

महिन्याभरानं सूट टाकून गेला.
"खळ?" मी विचारलं.
"नको रे आता."
टोकन दिलं. नेलाच नाही.
कल्लेही काढले पुढे;
त्यालाही अर्ज केला म्हणे.

लॉण्ड्रीच्या जागी आज मोबाईलचं दुकान आहे.
सूट माझ्या कपाटात, बाहीला टोकन टाचलेलं.
कपाट उघडलं की दोनचार टिकल्या गळतात,
परवा एक सुनेला ताटात सापडली.

नातवानं फोनवर खरा दाखवला.
आवाज स्वच्छ, कोंबडा जिथल्या तिथं.
मी कान देऊन बसलो,
दुसऱ्या कडव्यानंतर खर्रर्र येईल म्हणून.
गाणं संपलं.

"आवडलं नाही का, आबा?"
"चांगला आहे की," मी म्हणालो,
"थंडीतला दिसतोय."