घर क्रमांक सी-सात

अंबडच्या कंपनीनं दिलेला हात
तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत,
रात्रभर थेंब टाकत असतो.
शहाण्णव घरं, प्रत्येकात दोनशे मायक्रोलिटर.
थकत नाही, शिंकत नाही,
चहा प्यायला म्हणून कॉलेज रोडला जात नाही.

मी समोर स्टुलावर, दोन स्वेटर घालून.
निफाडला पारा सहावर आलाय म्हणतात,
इथं खिडकीच्या फटीतून थेट मानेवर.
माझं काम एवढंच :
लाल दिवा लागला तर आहेर मॅडमना उठवायचं.
एकदाच लागला, वीज गेली तेव्हा.
त्यांनी विचारलं, "यंत्र बरंय ना?"

आठ वर्षं मी ब्युरेटची तोटी फिरवली.
शेवटचा अर्धा थेंब काचेला टेकवून
गुलाबी टिकतो का, बघत राहायचं, श्वास धरून.
अंगठा अजून अधूनमधून वळतो
स्टुलाच्या कडेवर, उगाच.

करार सतरा पानांचा.
निष्पन्न होईल ते कंपनीचं.
रेणूचं नाव आईलासुद्धा सांगायचं नाही.
आई विचारते, जेवलीस का.

दगूमामा गांगुर्डे, बत्तीस वर्षं काचसामान धुणारे,
पहिल्या दिवशी पेटीभोवती फेरी मारून म्हणाले,
"हा भांडी घासतो का?"
"नाही."
"मग राहू दे."

काल पहाटे पडद्यावर ओळ उमटली :
सी-सात. गढूळ. अयशस्वी.
आणि हात सरकला सी-आठवर.
मागं वळून बघणं त्याच्या आज्ञावलीत नाही.

सकाळी मामांनी प्लेट नळाखाली धरली,
आणि तोटी सोडलीच नाही.
उजेडाकडे तिरकी करून हाक मारली,
"पोरी, खडीसाखर धरलीय बघ."

तळाशी सुया.
केसाहून बारीक, एकमेकींना टेकून उभ्या,
कुणी न सांगता.
कशाच्या, मला माहीत नाही.
साधा क्षार असेल. बहुधा साधा क्षारच.

तरी सतराही पानं पुन्हा वाचली.
यशाची अकरा कलमं, विलंबाची चार.
अपयश कुणाचं,
हे लिहायचं कुणाला सुचलेलं नाही.

मग कपाटातली जुनी वही काढली,
शाईच्या पेननं लिहिलं :
सी-सात. सुया. रंग नाही.
वेळ आठ वाजून दहा.
प्रथम पाहिलं : द. गांगुर्डे.
मामांनी चष्मा पुसून नाव दोनदा वाचलं,
आणि ओले हात पँटला पुसत
उरलेली भांडी घासायला गेले.

काचेआड तो हात
नव्या प्लेटसाठी थांबला होता.