इथं वारा नाही

फोर्तालेझा सोडून चौथा दिवस.
टपावर दोन बोर्ड, मागच्या सीटवर
नऊ मीटरचं पिवळं काइट, सात मीटरचं निळं,
आणि वाळू
दातांत, नकाशाच्या घडीत, पावाच्या पोटात.

जेनिव्हाल ओल्या पुळणीवरून गाडी हाकतो
टायरांतली निम्मी हवा सोडून.
भरतीचं वेळापत्रक त्याच्याकडे नाही.
खिडकीतून हात बाहेर काढतो,
म्हणतो, "दोन तास आहेत."
आणि दोनच तास असतात.

माझ्या फोनमध्ये बाण आहेत, आकडे आहेत,
बावीस नॉट, पूर्व-आग्नेय.
तो फोनकडे बघतो
दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे बघावं तसा,
कौतुकानं, पण कडेवर न घेता.

त्याच्या खुणा निराळ्या.
गाढवं कुणीकडे पाठ करून उभी आहेत.
टेकाडाच्या माथ्यावरून वाळू धुरासारखी निघते का.
बायकांनी वाळत घातलेल्या चादरीला किती चिमटे लावलेत.
"दोन असले तर मोठं काढ.
चार असले तर छोटं.
चादरच घातली नसेल, तर कॉफी पी."

पहिल्या दिवशीचं तळं आरशासारखं होतं,
पण त्यावर चाळीस काइट, दोरांचा नुसता गुंता,
आणि काठावर एकमेकांना शिव्या देणारे तीन देश.
दुसरीकडे पाण्याखाली खडक, काळे, कालवांनी धारदार.
तिसरीकडे वारा होता, मस्त होता, पण मतलई.
जेनिव्हालनं इंजिनसुद्धा बंद केलं नाही.
"ही जागा चांगली आहे," तो म्हणाला,
"ज्याला परत यायचं नसेल त्याला."

नदीच्या मुखाशी दोन पोरांनी
बांबूनं रेटत तराफ्यावरून गाडी पलीकडे नेली.
पैसे घेताना धाकटा जेनिव्हालकडे बघून हसला,
जेनिव्हाल हसला नाही.

मग वळण आलं, आणि ती खाडी.

वारा उजवीकडून, अखंड, ताणलेल्या दोरासारखा.
बाहेर वाळूचा दांडा, लाटा तिथंच फुटून संपत होत्या,
आत पाणी सपाट, गुडघाभर, हिरवट.
माडाच्या ओंडक्यांवर ओढून ठेवलेल्या सहा जंगादा,
शिडं गुंडाळलेली.
एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीला सुतळी बांधून पळत होती
आणि पिशवी घरांच्याही वर गेली होती.
एक चादर. पाच चिमटे.

"थांब," मी म्हटलं. "थांब, थांब!"

त्यानं एका हातानं डोक्यावरची टोपी दाबली,
दुसऱ्या हातानं गियर बदलला.
"इथं वारा नाही."

टोपी उडाली.
खिडकीतून गेली, गरागरा, थेट
जाळं विणत बसलेल्या एका म्हातारीच्या पायांशी.

आता त्याला थांबावंच लागलं.
म्हातारी उठली, टोपी झटकली,
त्याच्या हातात न देता स्वतः त्याच्या डोक्यावर घातली
आणि वरून एक टपली मारली.
काय बोलली ते वाऱ्यानं नेलं.
नाक मात्र दोघांचं एकच होतं, जरा डावीकडे कललेलं.
केळीच्या पानात बांधून तिनं दोन मासे दिले.
माझ्याकडे बघितलं. मग टपावरच्या बोर्डांकडे,
जरा जास्त वेळ.

तो गाडीत आला. चावी फिरवली नाही.
समोर बघत पुन्हा म्हणाला,
"इथं वारा नाही."

नकाशावर माझं बोट टेकलेलं होतं,
लाल खूण करायला फक्त दाबायचं बाकी.
खिडकीतून आलेली वाळू पडद्यावर साचत होती.
"हो," मी म्हटलं. "अजिबात नाही."

संध्याकाळी पुढच्या वाडीत
लिंदाल्वाच्या टपरीवर ते मासे तळून घेतले,
कसाव्याच्या पांढऱ्या घावनात गुंडाळून खाल्ले.
काटे त्यानं मोजून ताटाच्या कडेला लावले.
आईबद्दल मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

सकाळी उठून पाहिलं:
टपरीमागे दोरीवर एक चादर,
तिला तीन चिमटे.

तीन असले तर काय,
हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.