दुभाषी

त्रिएस्तेच्या दिवाणी कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
एकवीस वर्षं मी शब्दांची ने-आण करते आहे.
सर्बियनमधून उचलायचे, इटालियनमध्ये नेऊन ठेवायचे,
वाटेत सांडू द्यायचे नाहीत.

आज मिलोइका वुकाशिनोविच.
वय त्रेसष्ट. काम, जिने पुसणे.
बाहेर बोरा वारा खिडक्यांना हिसडे देतोय
आणि हिच्या अंगात कुणा पुरुषाचा कोट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.

आधी घरमालकाचं पत्र वाचलं गेलं.
जाड, सायीच्या रंगाचा कागद.
"आदरणीय बाईसाहेब,
इमारतीच्या सौंदर्याचा, तसाच आपल्याही सोयीचा विचार करता
पाणीपुरवठा तात्पुरता स्थगित ठेवण्याचा
क्लेशदायक निर्णय आम्हांस घ्यावा लागत आहे."
एक स्वल्पविराम जागचा हललेला नाही.
लोण्यावरून सुरी फिरावी तशी माझी जीभ फिरली.

तात्पुरता म्हणजे
जानेवारीतले एकोणीस दिवस.
चौथा मजला, अंथरुणाला खिळलेली सासू,
चौकातल्या नळावरून बादल्या.

न्यायाधीश म्हणाले,
पत्र मिळाल्यावर आपण मालकांना काय म्हणालात?

मिलोइकाने सांगितलं.
पाचच शब्द. त्यांत मालक होते,
मालकांच्या मातोश्री होत्या,
आणि ती बादलीसुद्धा होती.

मी म्हणाले, "साक्षीदार तीव्र नाराजी व्यक्त करते."

ती माझ्याकडे वळली.
तीस वर्षं पुसलेत तिने या शहराचे जिने,
दारांआडून येणारं इटालियन ऐकत ऐकत.
"नाराजी?
सूप खारट झालं की मी नाराज होते, बाई.
मी म्हणाले ते सांग."

सात वर्षांची होते तेव्हा
आजीच्या गावाहून नेमका हाच शब्द मी घरी आणला होता.
आजी तो अडून बसलेल्या शेळीला म्हणायची,
कधी लाडात आजोबांनाही.
आईने हिरव्या साबणाने माझं तोंड आतून धुतलं.
म्हणाली, आपण आता शहरात राहतो.
तो फेस अजून कुठेतरी दाढांमागे आहे.

माझा घसा कोरडा पडलेला
श्रीयुत देल्फाब्रो यांच्या लगेच लक्षात आलं.
घरमालक आहेत, पण माणूस घरंदाज.
गळ्यातला रेशमी रुमाल सावरत उठले,
सुरईतून ग्लासभर पाणी ओतलं,
आणि दोन्ही हातांनी, किंचित झुकून,
माझ्यापुढे ठेवलं.

ग्लास स्वच्छ होता.
पाणी काठोकाठ.

मी तो शब्द म्हणाले.
मग उरलेले चारही, त्यांच्या क्रमाने, तिच्या आवाजाच्या उंचीवर.
वकिलांपैकी कुणीतरी खोकलं.
खिडकीची काच थोडा वेळ थरथरली, ती वाऱ्याने.

टंकलेखिका तेवढी शांत.
बोटं कळफलकावर तशीच धरून तिने विचारलं,
"यात झेड एक की दोन?"

मला खरंच माहीत नव्हतं.
हा शब्द मी कधी लिहिलेला नाही.

"दोन," मिलोइका म्हणाली.
जिन्याच्या भिंतीवरून
किती वेळा घासून काढलाय तिने तो.