सोळा किलो

मे महिन्यात भुसावळात सकाळी नवालाच
डांबर चप्पल धरून ठेवतं.
आई गच्चीवर पांढरं लुगडं अंथरून
बिबडे घालते,
आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं:
खलबत्ता, अर्धी वीट, फुटक्या पाट्याचा वरवंटा,
चौथ्या कोपऱ्यावर अंटार्क्टिकाचा दगड.

मुठीएवढा, काळपट. एका अंगाने गुळगुळीत.
बर्फाने घासला, म्हणतात बाबा,
किती वर्षं ते विचारू नकोस.

बाबा फौजेत. हवालदार सुपडू बोरोले, डिझेल मेकॅनिक.
पंच्याऐंशी साली गोव्याहून बोटीत चढले
आणि सव्वा वर्ष जनरेटर सांभाळला
दक्षिण गंगोत्रीवर.
परतले तेव्हा गल्लीतली पोरं विचारायची,
"तठी बर्फाचा गोया फुकट भेटे का भो?"

स्वतःचं ते कधी सांगत नसत.
दोन महिने सूर्य उगवला नाही तेव्हा
जनरेटरशेजारी बसून जे वाचलं, ते सांगत.

बर्फात अडकलेलं जहाज:
"आउटरला गाडी उभी राहते ना, तशी.
पण दहा महिने.
आणि मग रूळच गाडीला आवळत आणतात."

उत्तरेकडचं सांगताना आवाज उतरायचा.
दोन जहाजं, एकशे एकोणतीस माणसं,
परत कोणीच नाही.
शेवटी शेवटी बर्फावरून होडी ओढत होते,
होडीत चांदीचे चमचे, साबण, सपाता.
जहाज कुठे बुडालं ते
तिथल्या माणसांनी सांगून ठेवलं होतं.
साहेबलोकांना ते पटलं नाही.
दीडशेवर वर्षांनी सापडलं, त्यांनी सांगितलं त्याच अंगाला.
ती बातमी वाचून बाबांनी पेपरची घडी घातली.
"पालच्या डोंगरात गंभीर तडवीने दाखवलेली वाट
आपण सोडली होती. आठवतं?
रात्रभर फिरलो."

आणि दक्षिणेचे ते पाच जण.
ध्रुवावर पोचले, तर दुसऱ्याचा झेंडा आधीच फडफडतोय.
परतताना दोघं गेले. उरलेले तिघं तंबूत,
बाहेर वादळ,
अन्नाचा साठा पुढे अकरा मैलांवर.

"अकरा मैल म्हणजे किती?"
"आपल्या दारापासून सावदा."

सावद्याला मी मामाकडे सायकलवर जायचे.
तापीचा पूल, मग केळीच केळी,
पाण्याची बाटली अर्धीसुद्धा संपत नसे.
त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"आणि त्यांच्या गाडीवर," बाबा म्हणाले,
"सोळा किलो दगड होते. नमुन्याचे.
शेवटपर्यंत टाकले नाहीत."

आई तव्यावरची कळण्याची भाकरी उलटत होती.
"मरू लागले तरी दगडं कायले वाहत होते?"

बाबांनी तोंड उघडलं,
मिटलं.
पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेले.

दक्षिण गंगोत्री आता बर्फाखाली आहे.
बाबांच्या बंकची फळीही.
तिच्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हरने
"मथुरा" कोरलं होतं म्हणे.
आई म्हणते, खोटं.
जाऊन बघायची सोय नाही, त्यामुळे दोघंही बरोबर.

आता ते एकोणऐंशीचे.
दिवसातून तीनदा ओसरीतल्या तापमापकापुढे उभे राहतात,
चष्मा कपाळावर,
आणि कॅलेंडरच्या समासात आकडा लिहितात.
काल दुपारी दोन: सेहेचाळीस पूर्णांक आठ.
वारा: शून्य.
कोणाला पाठवायचा हा हिशेब, मी विचारलं.
"पाठवायचा नसतो," म्हणाले. "लिहायचा असतो."

आज मात्र वारा आला.
गल्लीच्या तोंडाशी वावटळ उठली,
लुगड्याचा चौथा कोपरा फडफडला,
दोन बिबडे उडाले शेजारच्या पत्र्यावर.
रात्री दगड कोणी हलवला, कोण जाणे.

"अहो!" आई वरून ओरडली,
"तुमचा तो दगड आणा!"

तो जिन्याच्या पायरीवर होता, उन्हात.
बाबांनी उचलला,
चटका बसला,
तरी खाली ठेवला नाही.
या हातातून त्या हातात,
त्या हातातून या हातात घेत
चढत राहिले,
प्रत्येक पायरीवर थांबून.