अकराव्या मिनिटाला

दहा मिनिटं ते सुरेख चालतं.
कलिन्याच्या गल्लीत, एडविन कोरियाच्या घरामागच्या पत्र्याखाली
खुंट्याला साखळीने बांधलेलं आमचं विमान
शेपटी टेकून थरथरतं,
दोरीवरच्या चादरी पार क्रूसापर्यंत फेकतं,
आणि अकराव्या मिनिटाला
उचकी.
दुसरी.
मग नुसतं पंख्याचं लाकूड हवेत फिरल्याचा आवाज.
तोही संपतो.

वरून दुबईहून आलेलं उतरतं, चाकं काढून,
पोटावरचे खिळे मोजता येतील इतकं खाली.
एडविन वर बघत नाही.
बावीस वर्षं त्याने हँगरात दुसऱ्यांचीच इंजिनं उघडली.
म्हणतो, "दातारबाई, लिहा."

मी लिहिते. बँकेतही मी हेच केलं,
पैसा कुठे अडला ते रात्री नऊपर्यंत शोधत बसायचं.
कार्ब्युरेटरची वाटी उघडली: कोरडी.
फ्लोट ठीक. सुई ठीक.
गाळणीची जाळी धुतली, उजेडात धरली, पुन्हा धुतली.
पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं,
तळाला पाणी नाही.
नळीत वाफ धरत असेल, म्हणून तिला चंदेरी कागदात गुंडाळलं
डब्यातल्या पोळीसारखं.
नळी काढून बादलीत सोडली: मिनिटाला सव्वा लिटर,
हवं त्याच्या चौपट.
टाकीचं झाकण उघडून पाहिलं. अर्धी भरलेली.
झाकण लावलं.
परत दहा मिनिटं सुरेख.

असे चार रविवार.
चौथ्याला एडविनने पान्हा भिंतीवर मारला
आणि मग स्वतःच जाऊन उचलून आणला,
पुसून, जागेवर ठेवला.

तेवढ्यात फिलोमिना आली, आमच्याच पेटीतला स्क्रूड्रायव्हर मागायला.
कुणाच्या तरी बारशाच्या फुग्या तळायच्या होत्या.
तिने तेलाचा पंधरा किलोचा डबा पायरीवर ठेवला,
कोपऱ्यात एक भोक पाडलं, डबा तिरका केला.
घुटुक.
घुटुक.
थांबलं.
डबा भरलेला, आणि थेंब नाही.
तिने कपाळाला आठीसुद्धा न घालता
समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं,
आणि तेल आलं, दोरीसारखं, एकसंध.

मी वहीवरून मान वर केली.
एडविन पंखाखाली पालथा पडलेला होता आधीच,
टाकीला श्वास देणाऱ्या त्या नळीपाशी,
बॉलपेनच्या कांडीएवढी जाड, टोक खाली वळवलेलं.
त्याने तार घातली.
तार अडली.
बोटावर कोरडी माती आली, बारीक, चाळलेली,
मग एक खोली, मग भिंत, मग दुसरी खोली,
आणि आत हिरवी अळी, जिवंत पण निजवलेली,
जन्माला यायच्या कुणाच्या तरी जेवणासाठी.

कुंभारीण.
आम्ही नऊ वर्षं बांधत होतो,
तिने आठवड्यात घर पुरं केलं.

आणि आम्ही? दर वेळी झाकण उघडून बघायचो,
टाकी श्वास घ्यायची,
आम्हाला सगळं ठीक दिसायचं.
बादलीचं मोजमापसुद्धा झाकण उघडंच ठेवून केलं होतं.
बघितलं की आजार नाही, पाठ फिरवली की आहे.
हे मी वहीत लिहिलं नाही.
वहीत: दोष, वायुनळी बंद. कारण, माशीचं घरटं.
एडविन म्हणाला, "घरटं नको. बांधकाम लिहा."

अकरावं मिनिट गेलं. बारावं.
एकेचाळिसाव्याला फिलोमिनाने खिडकीतून
हात कापल्यासारखा फिरवला: पाहुणे आले, बंद करा.

नळीच्या तोंडाला आता तांब्याची जाळी आहे.
सोमवारी कुंभारीण मातीची गोळी घेऊन आली,
जाळीवर तीनदा उतरली, तीनदा उडाली,
गोळी सोडली नाही.
एडविनने उरलेल्या नळीचा चार इंच तुकडा कापला,
एक टोक चेपून बंद केलं
आणि पत्र्याखालच्या खिळ्याला टांगला.

परवानगीचा कागद अजून आलेला नाही.
साखळीला तेल दिलं. तारीख घातली.