सैल

गिटारीला आमच्या घरी बाई म्हणतात.
बाईला उन्हात ठेवू नको. बाईच्या खुंटीला पिशवी अडकवू नको.
तांडापेठेतल्या दोन खोल्यांत
एक माग, सात माणसं, आणि ती,
पोटाला तडा गेलेली,
तड्यावर डिंकानं चिकटवलेला लुगड्याचा काठ.

आजोबा, डोमाजी निखारे, विणकर.
लढाईच्या वर्षांत सायकलवर गठ्ठा बांधून
कामठीच्या छावणीत लुगडी विकायला जायचे.
तिथं एक शिपाई भेटला. गोरा नव्हे, आपल्याच रंगाचा,
कुठल्याशा बेटावरचा.
आईसाठी लुगडं हवं होतं, खिशात पैसे नव्हते.
त्यानं ही दिली.

आणि रीत दिली.
तारा कसायच्या नाहीत, सोडायच्या.
प्रत्येक घराचं सोडणं वेगळं,
परक्याला दाखवत नाहीत.
(हे सगळं खाणाखुणांनी.
मग तुम्हाले काहून दाखवलं, मी विचारायची.
आजोबा तंबाखू मळत राहायचे.)

ज्याचा जन्म मागावर गेला
त्याला ताण शिकवावा लागत नाही.
चार संध्याकाळींत पाच तारा समजल्या.
पाचव्या दिवशी गेले तर छावणीत
नुसत्या चुली, आणि विझवायला ओतलेलं पाणी.

तिसरी तार राहून गेली.

बाबांनी ती तशीच वाजवली, वर्षानुवर्षं,
लग्नांत, शारदोत्सवात, दिवसपाळी करून आल्यावर
अंगावरचा कापूस न झटकता.
मी मोबाइलवर सूर मोजायची.
काटा लाल. ना इकडचा सूर ना तिकडचा,
दोन पायऱ्यांच्या मधे पाय ठेवून उभा.
ते झोपले की मी खुंटी पिळून
काटा हिरवा करायची.
सकाळी ते उठायचे, काही न बोलता
पुन्हा सोडायचे.

बाबा, मशीन म्हणते ही तार खोटी आहे.
मशीन नवी हाये, म्हणाले.

मग एका मे महिन्यात लाइट गेली.
गच्चीवर ओल्या चादरीवर आम्ही दोघं,
त्यांचा डावा हात तोवर थरथरायला लागलेला.
तुह्या आज्यानं वर्षभर शोधली ती तार, म्हणाले.
पिळ, सोड, पिळ, सोड. आजी कावली.
एक दिवस पहाटे मिलचा भोंगा झाला
आणि खुंटीवरची बाई आपल्याआपण हुंकारली.
कोणी हात नव्हता लावला.
तिसरी तार कापत होती.
झालं. तिथंच ठेवली.
रोज भोंग्यावर मिळवायची, जेवणाच्या भोंग्यावर तपासायची.
ऐकून रायली का?

मी ऐकत होते. खाली कोणाचं तरी लेकरू रडत होतं.
मिल बंद पडली तेव्हा मी दुसरीत होते.
यंत्रं गेली, छप्पर गेलं,
भोंगा भंगारात किलोच्या भावानं गेला.
तोलणाऱ्याला काय माहीत
त्याचा आवाज आमच्या खुंटीवर राहिलाय,
आणि मी रोज रात्री
त्याला सुधारत होते.

आता बाबा नाहीत. तारा दोनदा बदलल्या.
नवी तार कोरी असते, तिला काही ठाऊक नसतं.
कानात जे आहे ते लावते.
ते भोंग्याचं, की बाबांच्या आठवणीतल्या भोंग्याचं,
की नुसतं माझं, सांगता येत नाही.
त्या शिपायाच्या घरी तर
काही वेगळंच असेल.

बहिणीचा पोरगा येतो शनिवारी.
अकरा वर्षांचा, नखं वाढवलेली, आईचं बोलणं खाऊन.
पाच तारा भराभर सोडतो,
तिसरीवर थांबतो.
किती सैल, मावशी?

मी उठते.
बाहेर सेहेचाळीस.
थांब, म्हणते,
आधी कूलर बंद कर.