तीन ग्रॅम

बावीस पौंड आणि थोडी चिल्लर
गेथिननं शिवणयंत्राच्या पाटावर ओतली
आणि म्हणाला, "एल्युनेड मावशी, एवढ्यात
मला लढणारा रोबो बसवून दे."

मर्थरच्या मार्केटात माझा गाळा,
एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला पडदेवाला.
तेवीस वर्षं मी लोकांची शिवणयंत्रं उघडते आहे.
लढाईतलं मला काय कळणार?
पण दातेरी चाक कळतं.
कुठला दात आधी झिजणार, ते बोटाला समजतं.

वजन दीडशे ग्रॅम. वर गुंजभरही चालणार नाही.
आणि अख्खं धूड चार इंची चौकोनी डब्यात मावलं पाहिजे.
धूड कसलं, संत्र्याएवढा जीव.
त्यात दोन मोटरी, बॅटरी, रिसीव्हर
आणि उरलंच तर रागाला जागा.

प्लास्टिकच्या दातांची मोटर दीड पौंडाला,
पितळी दातांची साडेतीनला.
"पितळी घे."
"दोन्हींत मिळून चार पौंड वाचतात की!"
"वाचतात. पहिल्या धडकेपर्यंत."

त्यानं टायटॅनियमचा फोटो दाखवला,
तळहाताएवढा पत्रा, अकरा पौंड.
मी घरून भाजी चिरायचा पांढरा पाट आणला,
बिटाचे डाग, सुरीचे व्रण यांच्यासकट,
आणि करवतीनं त्याचं चिलखत कापलं.
ज्यानं इतक्या वर्षांचे कांदे सोसले
तो आणखी एक घाव सोसेल.

पुढे लावायला रंग खरवडायची पोलादी पट्टी, एक पौंड.
चाकं माझ्या गुडघ्याखालच्या जुन्या फोमची.
नळीच्या तोंडानं कापली, बिस्किटं कापावीत तशी.

बॅटरीपाशी मात्र मी घासाघीस केली नाही.
पडदेवाला आयोर्वर्थ एक फुकट देत होता,
पोट फुगलेली.
फुकटची आग घरात आणू नये.
बंद करायची खिट्टी तर मी माझ्या पैशानं घेतली.
जे बंद करता येत नाही
ते मी पोराच्या हातात देत नाही.

खाटकानं काटा पुसून दिला.
एकशे त्रेपन्न.

तीन ग्रॅम.
एरवी मी एवढा दोरा केराबरोबर झाडून टाकते.
वायरी आखूड केल्या. स्क्रूंची शेपटं तासली.
बॅटरीवरचं लेबल सोललं.
पाटाला भोकं पाडली, चाळणी होईस्तोवर.
तरी काटा केसभर वरच.
मग गेथिननं खाली मान घालून
पाठीवर लाल रंगानं लिहिलेलं नाव
नखानं खरवडून काढलं.
काय लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

स्वान्झीच्या हॉलमध्ये समोर टेगवेन,
बारा वर्षांची, दातांना तारा,
आणि तिच्या रोबोचं पातं असं फिरत होतं
की आवाज आधी माझ्या कवळीत पोचला.
दुसऱ्याच धडकेत आमचं डावं चाक उडालं,
मोटर वायरीवर लोंबायला लागली.
पाटावर एक नवा व्रण. बस.
चिलखत शाबूत, आम्ही हरलो.

गेथिन टेबलाशी मोटर उलटसुलट करत बसला.
दाते अख्खे, पण दांडा वाकलेला.
माझं पितळ बरोबर होतं
आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात टेगवेन आली, आइस्क्रीमचा डबा घेऊन.
"माझ्याकडे एक जादा आहे. घे. पुढची फेरी वीस मिनिटांत."
प्लास्टिकच्या दातांची. दीड पौंडाची.
गेथिननं माझ्याकडे पाहिलं.
मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

एक पाय पितळी, एक प्लास्टिकचा,
आमचा बिननावाचा गडी डावीकडे ओढला जात
दुसऱ्या फेरीत लंगडत गेला.
टेगवेन कठड्याला नाक लावून ओरडत होती,
"उजवीकडे! अरे उजवीकडे!"
तिचंच उसनं धावत होतं ना.

परतीच्या बसमध्ये तो जिंकण्याहरण्याबद्दल बोलला नाही.
तिकिटाच्या पाठीवर नवी यादी करत होता.
मी चष्मा नसतानाही पहिली ओळ वाचली:
मोटर, एक. पितळी.
टेगवेनची.